अडीच मिनिटांची गोष्ट
(एका अध्यापकाची शिकवणी)

वर्गात उभे राहून बोलणे हाच माझा गेल्या पंचवीस वर्षांचा व्यवसाय. खडू, फळा, पाठ्यपुस्तक आणि आवाज एवढ्या सामग्रीवर मी मराठी शिकवीत आलो. 2020 च्या टाळेबंदीत मोबाईलसमोर बसून तास घेण्याची वेळ आली, तेव्हा यंत्राशी माझी पहिली खरी ओळख झाली आणि ती फारशी सुखाची नव्हती. विद्यार्थ्यांचे चेहरे नाहीत, हुंकार नाही, मागच्या बाकावरची कुजबुजही नाही! महाविद्यालय पुन्हा सुरू झाल्यावर मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि मोबाईल खिशात ठेवला. तो पुन्हा वर्गात बाहेर काढावा लागेल असे मला वाटले नव्हते.

पण द्वितीय वर्षाच्या वर्गाला ‘आत्मकथन’ हा वाङ्मयप्रकार शिकवताना एक अडचण दरवर्षी येई. ‘तुमच्या आयुष्यातील एक प्रसंग लिहा’ असे सांगितले की साठ विद्यार्थ्यांकडून साठ निबंध येत आणि त्यांतले पन्नास एकमेकांसारखे असत. प्रत्येकाची आई कष्टाळू, प्रत्येकाचे वडील करारी आणि प्रत्येकाचे बालपण रम्य. विद्यार्थी खोटे लिहीत होते असे नाही. निबंधाच्या भाषेत खरे कसे लिहावे हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि ती भाषा त्यांना शिकवणाऱ्यांत मीही होतो. याच सुमारास ‘डिजिटल कथाकथन’ हा शब्द कानी आला. प्रस्तुत लेखात या पद्धतीची ओळख, ती शिकताना झालेली माझी फजिती आणि त्यातून हाती लागलेला एक धडा सांगण्याचा विचार आहे.

डिजिटल कथाकथन म्हणजे काय?

नाव मोठे असले तरी वस्तू लहान आहे. सांगणाऱ्याने स्वतःच्या आयुष्यातील एक गोष्ट निवडायची. साधारण अडीचशे शब्दांत ती लिहायची. स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करायची. आणि त्या आवाजाला दहा-वीस छायाचित्रे जोडून दोन-तीन मिनिटांची चित्रफीत तयार करायची. नट नाहीत, चित्रीकरण जवळजवळ नाही. घरच्या ट्रंकेतली जुनी छायाचित्रे, एखादे पत्र, शाळेचा दाखला, मोबाईलवर काढलेला उंबऱ्याचा फोटो, एवढे भांडवल पुरते.

या पद्धतीचा उगम अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातला. डाना ॲचली हा कलावंत रंगमंचावर पडद्यावरच्या शेकोटीशेजारी बसून, जुनी छायाचित्रे व चित्रफिती दाखवीत आपल्या आयुष्यातील गोष्टी सांगे. ‘नेक्स्ट एक्झिट’ हे त्याच्या प्रयोगाचे नाव. नाट्यक्षेत्रात काम करणारा जो लॅम्बर्ट त्याला येऊन मिळाला आणि 1994 मध्ये ॲचली, लॅम्बर्ट व नीना मुलेन यांनी सामान्य माणसांना हे तंत्र शिकवणारे केंद्र उभे केले. पुढे ते बर्कलीला गेले आणि 2015 पासून ‘स्टोरीसेंटर’ या नावाने ओळखले जाऊ लागले. ब्रिटनमध्ये डॅनियल मेडोज या छायाचित्रकाराच्या पुढाकाराने बीबीसी वेल्सने 2001 मध्ये ‘कॅप्चर वेल्स’ हा उपक्रम सुरू केला. तो 2008 पर्यंत चालला आणि वेल्समधील गावोगावच्या माणसांनी त्यात आपापल्या छोट्या गोष्टी रचल्या. या मेडोजने तरुणपणी, 1973-74 मध्ये, एक जुनी दुमजली बस घेऊन इंग्लंडभर प्रवास केला होता आणि भेटेल त्या माणसाचे छायाचित्र काढून ते त्याला फुकट दिले होते. बसमधून माणसे पाहत हिंडणाऱ्या या गृहस्थाविषयी मला लगेच आपुलकी वाटली. तिचे कारण पुढे येईल.

हे सारे परदेशी आहे असे मानून नाक मुरडण्याचे मात्र कारण नाही. चित्र दाखवावे आणि गोष्ट सांगावी ही रीत आपल्याकडे जुनीच आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी गावचे ठाकर समाजातील चित्रकथी रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे एकामागून एक प्रेक्षकांसमोर धरतात आणि वाद्यांच्या साथीने कथा गातात. अशा चित्रांच्या संचाला ते ‘पोथी’च म्हणतात. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 1892 मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवर रंगवलेल्या चित्रांचे खेळ सुरू केले. मुंबईत ल्युमिएर बंधूंचा चित्रपट दाखवला गेला तो 7 जुलै 1896 रोजी, म्हणजे त्यानंतर. तेव्हा पडद्यावरची चित्रे आणि बाजूला बोलणारा माणूस हे दृश्य मराठी प्रेक्षकाला अनोळखी नव्हते. फरक आहे तो एवढाच : चित्रकथी देवादिकांची कथा सांगतो, येथे सांगणाऱ्याने स्वतःची सांगायची असते. हा फरक वाटतो तितका लहान नाही, हे मला लवकरच कळले.

पहिला विद्यार्थी : मी

लॅम्बर्टचे या विषयावरचे पुस्तक 2002 मध्ये प्रथम निघाले. त्यात चांगल्या डिजिटल कथेचे सात घटक सांगितले आहेत : सांगणाऱ्याचा दृष्टिकोन, ऐकणाऱ्याला धरून ठेवणारा प्रश्न, भावनिक आशय, स्वतःचा आवाज, ध्वनीची साथ, काटकसर आणि गती. मी ते वहीत टिपून घेतले, दोन रंगांच्या शाईने अधोरेखित केले आणि आता आपल्याला विषय समजला अशा समाधानात झोपी गेलो. अध्यापकाला हा रोग असतोच.

विद्यार्थ्यांना सांगण्यापूर्वी एक गोष्ट आपण स्वतः करून पाहावी असे ठरवले. माझे वडील एस.टी.त वाहक होते. त्यांचा तिकिटाला भोक पाडण्याचा पंच अजून आमच्या कपाटात आहे. त्याच्यावर गोष्ट करायची ठरली. मी जे लिहिले ते नऊशे शब्दांचे झाले. त्यात ग्रामीण महाराष्ट्राच्या जीवनातील एस.टी.चे स्थान होते, श्रमप्रतिष्ठा होती, दोन सुभाषिते होती. मुद्रण केले तर साडेआठ मिनिटे झाली. बारावीत शिकणाऱ्या माझ्या मुलीने तीन मिनिटे ऐकून घेतले आणि विचारले, “बाबा, यात आजोबा कधी येणार?”

मग कापाकापी सुरू झाली. आठ दिवस मी रोज थोडे थोडे खोडत होतो. सुभाषिते गेली, श्रमप्रतिष्ठा गेली, ग्रामीण महाराष्ट्रही गेला. शेवटी उरला तो एकच प्रसंग. 1989 च्या जूनमध्ये मी अंबाजोगाईला महाविद्यालयात प्रवेश घेण्यासाठी निघालो, तो वडिलांच्याच गाडीने. घरच्यांच्या प्रवासाचा पास तेव्हा संपलेला होता. गाडी सुटल्यावर वडील सर्वांची तिकिटे फाडत फाडत माझ्यापर्यंत आले. मी हसलो, ते हसले नाहीत. त्यांनी स्वतःच्या खिशातून पैसे काढले, चामडी पिशवीत टाकले, तिकीट फाडले, पंच केले, माझ्या हातात ठेवले आणि पुढच्या प्रवाशाकडे वळले. वडील त्या दिवशी मला एवढेच बोलले, किंबहुना एवढेही बोलले नाहीत.

आता अडचण चित्रांची. त्या प्रसंगाचे छायाचित्र कोण काढणार? तेव्हा मला ‘काटकसर’ या घटकाचा अर्थ समजला. जे चित्रात दिसते ते शब्दांत सांगायचे नाही आणि जे शब्दांत आले ते पुन्हा चित्रात दाखवायचे नाही. मी पंचाचा फोटो काढला. वडिलांच्या गणवेशातल्या एकुलत्या एक छायाचित्रातला फक्त हात मोठा करून घेतला. आजच्या बसस्थानकावरची एक रिकामी सीट टिपली. आणि पार्श्वसंगीत म्हणून बासरी लावण्याचा मोह टाळून, तो पंच हातात घेऊन दाबला. ‘टिक्’! तेवढा आवाज चित्रफितीत तीन वेळा येतो. गोष्ट दोन मिनिटे चाळीस सेकंदांची झाली. ती पाहून मुलगी काही बोलली नाही. उठून कपाटापाशी गेली आणि पंच काढून हातात धरून बसली.

वर्गातील प्रयोग

या अनुभवाच्या बळावर मी वर्गात गेलो. कामाची पद्धत जिज्ञासूंना उपयोगी पडेल म्हणून थोडक्यात देतो.

पहिले दोन तास मोबाईल बंद. बाके भिंतीला लावून आम्ही दहा-दहा जणांची रिंगणे केली. प्रत्येकाने आपल्या गोष्टीचे बीज दोन-तीन मिनिटांत तोंडी सांगायचे आणि इतरांनी ऐकायचे. कोणी सल्ला द्यायचा नाही, ‘माझ्याही बाबतीत असेच झाले’ म्हणून मध्ये शिरायचे नाही. सांगून झाल्यावर फक्त प्रश्न विचारायचा : तेव्हा पाऊस होता का? ती वस्तू आता कुठे आहे? अशा प्रश्नांतून गोष्ट उघडत जाते. या रिंगणात सर्वांत जास्त वेळा मध्ये बोलला तो मी. ‘म्हणजे तुला असे म्हणायचे आहे की’ हे माझे आवडते वाक्य. चौथ्या वेळेला एका विद्यार्थ्याने अदबीने पण स्पष्ट सांगितले, “सर, त्याला म्हणू द्या ना.”

त्यानंतर लेखन. मराठीत सावकाश, नीट वाचले तर मिनिटाला शंभरेक शब्द होतात. म्हणून अडीचशे शब्दांची मर्यादा. मग मुद्रण. त्यासाठी स्टुडिओ लागत नाही. पंखा बंद, खिडक्या बंद, फोन फ्लाइट मोडवर (नाहीतर ऐन वाक्यात कोणाचा तरी फोन येतो) आणि तोंडापासून वीतभर अंतरावर मोबाईल. आम्ही ग्रंथालयामागच्या खोलीत, जुन्या वृत्तपत्रांच्या गठ्ठ्यांमध्ये मुद्रण केले. कागद घुमणारा आवाज गिळतो. छायाचित्रे व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखी पाठवली तर त्यांची प्रत उतरते, म्हणून ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायची, हे ज्ञान मला विद्यार्थ्यांनी दिले. जोडणीही त्यांनीच मोबाईलवरच्या मोफत ॲपवर केली. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नव्हता त्यांची जोडी असलेल्यांशी लावली. शिवाय स्वतःविषयी सांगण्याची सक्ती ठेवली नाही. कोणी गावच्या बारवेची गोष्ट केली, कोणी बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीची.

पहिल्या फेरीत व्हायचे ते झाले. चित्रांवरून गुलाबाच्या पाकळ्या गळू लागल्या, फोटो गरगर फिरू लागले आणि प्रत्येक आईच्या मागे तेच एक चित्रपटगीत वाजू लागले. दुसऱ्याचे गाणे वापरण्यात स्वामित्वहक्काचा प्रश्न येतो हे मी सांगितले. पण पटले ते दुसरे कारण. डोळे मिटून सर्व फिती ऐकवल्या, तेव्हा कोणती कोणाची ते ओळखता येईना. दुसऱ्या फेरीत गाणी गेली आणि बांगड्या, जाते, पंपाचा भोंगा, म्हशीचे हंबरणे असे आवाज आले. येथवर सर्व सुरळीत होते. चुकलो तो मी यापुढे.

माझी चूक

वर्गातील एका विद्यार्थिनीचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. आपल्या बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या आगेमागे हजारो कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन कारखान्यांच्या पट्ट्यात आणि कर्नाटकात जातात आणि पाडव्याच्या सुमारास परततात, हे आपणा सर्वांना माहीत आहे. ही मुलगी लहानपणापासून मागे आजीजवळ राहिली. तिने लिहून आणलेला मजकूर असा होता :

“दिवाळी झाली की माय-बाप उसाला जायचे. जायच्या आदल्या दिशी माय सगळं घर सारवायची. मंग आजी सारवायला लागली की चुलीपासचा कोपरा तेवढा सोडायची. पार पाडव्यापस्तोर. म्या इचारलं तर म्हणली, तिचा हात हाय तिथं. ऱ्हाऊ दे.”

मी मराठीचा अध्यापक. माझी लाल शाई आपोआप चालू झाली. ‘माय’ची ‘आई’ झाली. ‘उसाला जायचे’ हे कोणाला कळणार म्हणून ‘ऊसतोडणीच्या कामासाठी स्थलांतर करीत असत’ झाले. आणि आजीचे वाक्य मी असे सुधारले : ‘तिथे तिच्या हाताचे ठसे आहेत. ते तसेच राहू देत.’ मुलीने तक्रार केली नाही. माझ्या मजकुराचे तिने न अडखळता मुद्रण केले आणि वर्गात फीत दाखवली. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. ‘छान’ म्हणाले. मीही म्हणालो.

तास संपल्यावर ती टेबलापाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, “सर, चांगलं झालं. पण माझी आजी अशी बोलत नाही.”

मी तिला प्रमाणभाषेचे महत्त्व सांगू लागलो. सांगता सांगता माझ्याच ध्यानात आले की, मघाशी दाखवलेल्या फितीत चूल होती, कोपरा होता, सारवणात उमटलेली बोटांची वळणे होती, पण आजी नव्हती. तिला मीच बाहेर काढले होते. ज्या निबंधी भाषेतून सुटका व्हावी म्हणून हा सगळा खटाटोप मांडला, तीच भाषा मी मागच्या दाराने आत आणली होती. सात घटकांतला चौथा, ‘स्वतःचा आवाज’, मी वहीत दोनदा अधोरेखित केला होता. त्याचा अर्थ मात्र खणखणीत उच्चार असा घेतला होता.

दुसऱ्या दिवशी तिने आपल्या मूळ मजकुराचे मुद्रण केले. मी खोलीबाहेर थांबलो. ‘ऱ्हाऊ दे’ या शब्दांनंतर तिने सहा सेकंद काहीच बोलायचे नाही असे ठरवले होते आणि त्या सहा सेकंदांत पडद्यावर फक्त तो कोपरा होता. ती फीत संपली तेव्हा टाळ्या वाजल्या नाहीत. थोड्या वेळाने मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “आमची आजी माय यायच्या दिवसापस्तोर तिची ताटली पालथी घालून ठेवायची.” मग आणखी एक जण बोलला. मग आणखी एक. त्या वर्गात ऊसतोड कामगारांची सात मुले आहेत हे मला त्या दिवशी कळले. दोन वर्षे ती माझ्यासमोर बसत होती.

गोष्ट कोणाची?

एवढ्यावर माझा उत्साह थांबला असता तर मी अध्यापक कसला! ‘ही फीत स्नेहसंमेलनात दाखवू,’ असे मी जाहीर करून टाकले. मुलगी म्हणाली, “आजीला विचारून सांगते.” सोमवारी निरोप आला. आजीने मोबाईलवर स्वतःचा कोपरा पाहिला, नातीचा आवाज दोनदा ऐकला आणि सांगितले : वर्गाने पाहिले ते पाहिले, मांडवात, सगळ्या गावासमोर, मुकादमासमोर घरातली भुई दाखवायची नाही.

मी क्षणभर खट्टू झालो, हे कबूल केले पाहिजे. पण विचार करता आजीचे म्हणणे मला पटले. छापील निबंध गुण देऊन परत करता येतो. चित्रफितीत माणसाचा आवाज असतो, घर असते. ती एका फोनवरून हजार फोनवर जाऊ शकते आणि मग परत बोलावता येत नाही. म्हणून आम्ही आता नियम केला आहे : मुद्रणाआधी एकदा, जोडणीनंतर एकदा आणि दाखवण्याआधी एकदा, अशी तीन वेळा सांगणाऱ्याची संमती घ्यायची, गोष्टीत येणाऱ्या माणसांनाही विचारायचे, आणि ‘नको’ म्हटले तर कारण विचारायचे नाही. प्रस्तुत लेखातील मजकूरही त्या मुलीला व तिच्याकरवी आजीला वाचून दाखवला आहे. ‘नाव-गाव घालू नका, मग लिहा’ अशी परवानगी मिळाल्यावरच तो छापण्यास दिला.

समारोप

या पद्धतीने सर्व काही साधते असा माझा दावा नाही. साठ जणांच्या वर्गाला तिचे पंधरा तास लागतात आणि अभ्यासक्रम तर पुरा करावाच लागतो. गुण कशाला द्यायचे हाही प्रश्न आहे. एखाद्याच्या दुःखाला दहापैकी सात आणि दुसऱ्याच्या दुःखाला आठ कसे देणार? मी तूर्त लेखनाचे किती खर्डे केले, रिंगणात कसे ऐकले आणि चित्र व शब्द यांची काटकसर कितपत साधली यालाच गुण देतो. प्रमाणभाषाही मी सोडलेली नाही. अर्ज, परीक्षा, संशोधन यांसाठी ती आलीच पाहिजे आणि ती मी पूर्वीसारखीच, किंबहुना अधिक काटेकोरपणे शिकवतो. पण आता लाल शाई उघडण्यापूर्वी मी विचारतो, “हे कोण बोलते आहे?”

सहकारी प्राध्यापकांना एकच विनंती. यंत्राची भीती बाळगू नये. ते विद्यार्थी आपल्याला अर्ध्या तासात शिकवतात. आधी आपली स्वतःची एक अडीच मिनिटांची गोष्ट करून पाहावी आणि ती घरातल्या सर्वांत लहान माणसाला ऐकवावी. विद्यार्थी मित्रांना सांगणे असे की, ग्रंथालयामागची ती खोली दर शनिवारी दुपारी दोननंतर उघडी असते. येताना घरातली एखादी वस्तू घेऊन या. पंखा बंद करून ठेवतो.